फडक्यात बांधलेल्या बिया

सालेमक्लूफ,
११ सप्टेंबर १९९६

प्रिय बेरनीस,

तुझं पत्र काल मिळालं. तीन पानं हॉस्पिटलच्या कुरबुरींची, एक पान एल्रिकोचं आणि त्याच्या लेकीचं, जोडीनचं, आणि सहीच्या खाली, कागद संपत आल्यावर कशीबशी घुसवलेली ती एक ओळ. ती मी वाचली. दोनदा वाचली. तिचं उत्तर देणार आहे, पण सगळ्यात शेवटी. आधी माझी बातमी ऐक. शनिवारपासून ती माझ्या पोटात मावत नाहीये, आणि या गावात जिला सांगायला जावं तिला ती आधीच ठाऊक असते.

मी पहिली आले! चर्चच्या बझारात, मार्मलेडच्या टेबलावर, अठ्ठावीस बाटल्यांमध्ये पहिली. लाल फीत माझ्या बाटलीला लागली. हो, माझ्याच. आब्राम झिम्रीची कोळीण, जिच्या बाटल्या बावीस वर्षं मागच्या रांगेत लोणच्यांच्या आडोशाला उभ्या असायच्या, ती मी. फीत आत्ता स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली आहे. चहाचं पाणी ठेवताना, उतरवताना आणि मधूनच काही काम नसताना मी तिच्याकडे बघून घेते. हसायचं तर खुशाल हस.

तुला जुनं सगळं आठवत असेल, पण तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस आणि माझ्यावर रुसलेली होतीस, म्हणून आता एकदा माझ्या बाजूने ऐक. तुझ्या पप्पांशी लग्न करून मी डोरिंगबायहून इथे आले तेव्हा संत्र्याचं झाड जवळून पाहिलेलंही नव्हतं. आमच्याकडे समुद्र, वाळू आणि मासे. इथे घराघरामागे झाडं, जून-जुलैच्या हिवाळ्यात फळं इतकी की डुकरंही तोंड फिरवतात, आणि मग गावातल्या प्रत्येक चुलीवर मार्मलेड, सालीसकट शिजवलेला संत्र्याचा जॅम. आणि मार्मलेड म्हणजे हेस्टर. तुझ्या आईला जाऊन दोन वर्षं झाली होती, तरी लोक तिच्या मार्मलेडबद्दल असं बोलायचे की ती जणू शेजारच्या खोलीत आहे. पहिल्याच हिवाळ्यात मी तिची वही शोधून काढली, तिच्याच झाडाची संत्री तोडली आणि वहीत लिहिलेलं अक्षर न् अक्षर पाळलं. सरबत झालं. तू चमचा बाटलीत घातलास, वर काढून बघितलास, चाटलासुद्धा नाहीस. बाटली उचलून कपाटात परत ठेवलीस आणि म्हणालीस, "हे मम्मीचं नाही." एवढंच. रडली नाहीस, ओरडली नाहीस. मी मात्र त्या दिवशी पाव कोरडाच खाल्ला.

बझारात तर विचारूच नकोस. तिथली परीक्षा तुला ठाऊक आहे. बाटली उजेडात धरायची, साल सगळीकडे सारखी पसरली आहे की वर जाऊन गोळा झाली आहे ते बघायचं. मग झाकण काढून बाटली आडवी करायची आणि थांबायचं. चांगलं मार्मलेड रविवारच्या दुपारी जेवलेल्या माणसासारखं जागचं हलत नाही. माझं झाकण काढायच्या आतच निघालेलं असायचं. आँटी डोर्कास, त्या टेबलाची राणी, सगळ्यांसमोर विचारायची, "त्रीना, हे पावाला लावायचं की पाव यात बुडवायचा?" मागून कुणीतरी, "जपून गं, काटा असेल!" सगळ्या हसायच्या. मीही हसायचे, आणि घरी येऊन विनाकारण तुझ्या पप्पांशी भांडायचे. दरवर्षी काहीतरी बदलून बघायचे. साखर वाढवली, जास्त वेळ उकळलं. एका वर्षी इतकं आटवलं की बाटलीतून काढायला पप्पांनी स्क्रू-ड्रायव्हर आणला. पण कुणाला विचारलं नाही. विचारायचं म्हणजे त्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं, आणि आम्हा डोरिंगबायच्या बायकांचं नाक तुला माहीत आहे.

आता एक गोष्ट सांगते, बसून वाच. सहा वर्षं ती तुझ्यापासून लपवली आहे. तुझ्या आईचं झाड मेलं, बेरनीस. पप्पा गेले त्याच्या पुढच्या जुलैत, नव्वद साली, ओळीने तीन दिवस अशी थंडी पडली की पाटाच्या कडेचं पाणी गोठलं. तिसऱ्या सकाळी पानं शिजवल्यासारखी काळी पडली होती, आणि महिनाभरात सगळ्या फांद्या वाळल्या. तू चौदाव्या वर्षी होस्टेलला निघालीस तेव्हा ट्रकच्या मागच्या फळीवर बसून मला एकच सांगितलं होतंस, "माझ्या आईच्या झाडाला हात लावायचा नाही." तोवर तू माझ्याकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतंस. पहिल्यांदा मागितलंस, आणि तेही मला राखता आलं नाही. शेजारचे ओम फ्लॉरिस, सगळ्या गावाचे काका, आले. पप्पांबरोबर नर्सरीत जन्मभर कलमं बांधली त्यांनी, त्यांना काय सांगायचं! बुंध्याशी बसून त्यांनी नखाने साल खरवडली. "वरचं संत्रं गेलं, त्रीना. खालचा जंबेरी लिंबाचा खुंट जिवंत आहे, पण तो फुटला तर रानटीच फुटणार. उपटून टाक, मी नवं कलम देतो." मी म्हटलं, "हात लावायचा नाही असं ठरलंय." "कुणाशी?" "आहे एक बाई." ते मान हलवत गेले.

आणि तो खुंट फुटला. काटेरी, आडदांड, कुणाचं न ऐकणारा. तू ब्याण्णवच्या ख्रिसमसला आलीस तेव्हा खिडकीतून बघून म्हणालीस, "बारीक झालं झाड. छाटलंत वाटतं?" मी बटाटे सोलता सोलता "हो" म्हणाले. बोटं कापली गेली असती तर बरं झालं असतं असं मला मागाहून वाटलं. माफ कर मला. तुझ्या तोंडावर ती बातमी सांगायची माझी छाती झाली नाही.

जंबेरी तुझ्या ओळखीची आहेच. बेडकाच्या पाठीसारखी साल, आत बियाच बिया, आणि रस असा की दात महिनाभर आठवण ठेवतात. गेल्या वर्षी बऱ्यापैकी लागली होती, यंदा मात्र झाडाने ताळतंत्रच सोडलं. रोज सकाळी दोन बादल्या खाली. शेजाऱ्यांना वाटली, तर ते रिकामी बादली माझ्या दाराबाहेर ठेवून पळून जायला लागले, मी पुन्हा भरून देईन या धास्तीने. उरलेली फळं पाटात पडायची, वाहत जाऊन खालच्या वळणावर अडकायची, आणि पाणी ब्रदर सालोमोंच्या बटाट्यांत शिरायचं. एकदा नाही, तीनदा शिरलं. जमीन चर्चची, पाट सगळ्यांचा. पंच बसले आणि ठराव झाला की झिम्रींच्या मागचं रानटी झाड सप्टेंबरअखेर तोडावं.

तो कागद घेऊन ब्रदर सालोमो स्वतः आले, पंचांत मुख्य तेच, बरोबर बायको. मी त्यांना दारातच उभं केलं. म्हटलं, "आपल्या गावात फळझाड तोडत नाहीत. तुमच्याच आजोबांनी घातलेला नियम आहे." ते म्हणाले, "मान्य. पण याला जे लागतं त्याला फळ म्हणायचं का? माणसाच्या तोंडात जातं ते फळ." "आणि गेलं तर?" त्यांना हसू आलं. "सात तारखेला बझार आहे. मांडा टेबलावर. पहिल्या तिनांत आलात तर मी हा कागद माझ्या हाताने फाडेन." त्यांची बायको मागून म्हणाली, "अहो, कशाला बिचारीची चेष्टा करता? बावीस वर्षांत मागच्या रांगेतून मधल्या रांगेत आली नाही ती." मी दार लावून घेतलं. नंतर त्या दाराची कडी मला दुरुस्त करावी लागली.

सालं चिरायला बसले तेव्हा सवयीने हेस्टरची वही समोर उघडली, आणि मिटून ठेवली. ती कृती गोड संत्र्याची; झाड गेल्यावर ती मी शेजाऱ्यांच्या संत्र्यांवर चालवली होती, पण आता समोर जंबेरी होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला कुणाच्या बरोबरीला जायचं नव्हतं, फक्त ते झाड वाचवायचं होतं. चिरता चिरता बोटांच्या भेगा झोंबायला लागल्या, आणि बाजूच्या भांड्यात बियांचा ढीग झाला. तुझ्या आईच्या संत्र्यांत बी नसायचीच, त्यामुळे बियांचं काय करतात ते मला कधी कळलंच नव्हतं. फेकायला उचलल्या. ओल्या झाल्या होत्या, बुळबुळीत, बोटांना धरून राहिल्या. आणि मला एकदम माझी आई आठवली. माशाचं सूप करताना आम्ही डोकी आणि काटे फेकले तर ती पाठीत धपाटा घालायची. जुन्या फडक्यात त्यांचं गाठोडं बांधून ती पातेल्यात सोडायची, म्हणजे काटा कुणाच्या घशात जात नाही आणि त्यातला चिकटपणा सुपात उतरतो. ते सूप गार झालं की पातेल्यात थरथरायचं.

तुझ्या पप्पांचा रविवारचा जुना शर्ट मी फाडला. ओरडू नकोस, एक बाही तुझ्यासाठी ठेवली आहे. बिया आणि सालीच्या आतला पांढरा गर त्यात घट्ट बांधून सालींबरोबर भिजत टाकलं. दुसऱ्या दिवशी तसंच चुलीवर चढवलं, साल चिमटीत चुरडेपर्यंत शिजवली, आणि मग गाठोडं पिळलं. काय निघालं म्हणून सांगू! भाताच्या पेजेसारखं दाट. साखर त्यानंतर घातली. खळखळून उकळी आली, खिडकीच्या काचा धुरकटल्या, माझे केससुद्धा आंबट झाले. गार बशीवर थेंब टाकला, वाट बघितली, बोटाने हळूच ढकलला, आणि त्याला सुरकुती पडली. बेरनीस, माझ्या बशीत, आयुष्यात पहिल्यांदा! मी एकटीच स्वयंपाकघरात किंचाळले. कुंपणापलीकडून ओम फ्लॉरिस ओरडले, "भाजलं का गं?" मी ओरडले, "नाही, गोठलं!" मग पातेलं उतरवून पंधरा मिनिटं हाताची घडी घालून नुसती बसून राहिले, कारण घाईने भरलं की साल वर तरंगते. ते तेवढं मी हरून हरून शिकले होते.

शनिवारी टेबलापाशी गेले आणि पाय सवयीने मागच्या रांगेकडे वळले. मग म्हटलं, नाही. आज नाही. आँटी डोर्कासची बाटली वीतभर सरकवली आणि माझी तिच्या शेजारी, अगदी पुढे ठेवली. नावं नसतात तुला माहीत आहे, बुडाला फक्त आकडा. माझा सतरा. परीक्षक बाई या वेळी क्लॅनविल्यमहून आल्या होत्या, बारीक चष्मा, बोलणं कमी. त्यांनी सतरा नंबर खिडकीशी नेला. मधासारखा रंग, आणि साल वरपासून खालपर्यंत जिथल्या तिथे. बाटली आडवी केली. मी देवाचं नाव घेतलं. ते हललं नाही. बाई थांबल्या, आम्ही थांबलो, पॅनकेकच्या रांगेतली माणसंही मान वळवून थांबली. ते काही हललं नाही! मग त्यांनी चाखलं, दुसरा चमचा घेतला, आणि रिवाजाप्रमाणे बाटली आँटी डोर्कासच्या हातात दिली. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "हे हेस्टरचं नाही."

बावीस वर्षांनी तेच वाक्य. मी निघालेच होते. तेवढ्यात तिने डोळे उघडले. "माझं नाही. आमच्यातल्या कुणाचंच नाही. आंबट आहे, कडू आहे, आणि मला अजून हवंय. ऐंशी वर्षांत असं मी खाल्लं नाही. कुणाचं आहे हे?" बाईंनी बाटली उलटी करून आकडा वाचला, सेक्रेटरीने यादी बघितली, बोट लावून पुन्हा बघितली. मग माझं नाव घेतलं. एवढ्या बायका एका वेळी गप्प झालेल्या मी फक्त अंत्यविधीला पाहिल्या आहेत. ओम फ्लॉरिसनी टाळ्या सुरू केल्या. ब्रदर सालोमो आले, कोटाच्या खिशातून पंचांचा कागद काढला, सगळ्यांसमोर चार तुकडे केले आणि पॅनकेकच्या चुलीत घातले. शब्दाचा पक्का माणूस. त्यांची बायको दोन बाटल्या घेऊन गेली. मी तिला हसून विचारलं, "काटे काढून देऊ का?"

सगळं आवरल्यावर आँटी डोर्कास माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "यंदा पिशवी घातलीस तर." मी म्हटलं, "कसली पिशवी?" "बियांची! संत्र्यात बी नसते, म्हणून सगळ्याच लिंबाच्या बियांची पिशवी सोडतात. नाहीतर ते धरणार कसं?" मी म्हटलं, "हेस्टरच्या वहीत तसलं काही नाही." "वहीत कशाला लिहील ती? चूल पेटवा असं कुणी लिहितं का?" मी खुर्ची तिच्याकडे वळवली. ती म्हणाली, "आम्हाला वाटायचं तू हट्टाने घालत नाहीस. कोळीण आहे, स्वतःचंच खरं करणार, म्हणून कुणी बोललं नाही." मी म्हटलं, "आँटी, बावीस वर्षं! तुम्ही सांगितलं का नाहीत?" ती म्हणाली, "तू विचारलंस का नाहीस?" आम्ही दोघी इतक्या हसलो की तिचा दात सैल झाला. मग तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी तिला सांगितलं की पिशवी मला माझ्या आईने शिकवली, डोरिंगबायला, माशाच्या सुपात. ती म्हणाली, "मग तिला माझा नमस्कार सांग." माझी आई जाऊन तीस वर्षं झाली, पण मी बरं म्हटलं.

आता तुझी ओळ. "जोडीन माझ्या हातचं ताट परत सरकवते. आँटी त्रीना, तुम्ही मला कसं सोसलंत?" बेरनीस, ज्या दिवशी तू होस्टेलला गेलीस, त्या दुपारी मी कपाट उघडलं. मागच्या रांगेतली एक बाटली नव्हती. त्या वर्षीचं ते पाणीदार, साल वर आलेलं मार्मलेड, ज्याला गावात कुत्रं विचारत नव्हतं. पुढच्या सुट्टीत तू आलीस, गेलीस, आणि आणखी एक नाहीशी झाली. आधीची मात्र रिकामी होऊन, धुऊन पुसून, झाकण लावून कोपऱ्यात परत आली होती. पप्पा म्हणायचे उंदीर असतील. मी त्यांना म्हटलं नाही की उंदीर बाटल्या धूत नाहीत. चार वर्षं तू ते वाईट मार्मलेड चोरून खाल्लंस, आणि चार वर्षं प्रत्येक सुट्टीच्या आधी मी एक बाटली पुढे, तुझ्या हाताला येईल अशी सरकवून ठेवली. तेवढ्यावर माणूस खूप दिवस काढू शकतं. तेव्हा कर एल्रिकोशी लग्न. त्या पोरीच्या आईच्या झाडाला हात लावू नकोस, तिच्या आईचा स्वयंपाक करायला जाऊ नकोस, तुला येतं ते कर. आणि अडलं तर विचारत जा. मी कधी विचारलं नाही, तू विचारलंस, तू माझ्यापेक्षा पुढे आहेस. बरोबर दोन बाटल्या पाठवते आहे. एक तुझी. ती उघडपणे टेबलावर ठेवून खा, पुरे झाल्या चोऱ्या. दुसरी जोडीनच्या नऊ वर्षांच्या हाताला पोचेल अशा फळीवर ठेव, आणि तिकडे पाठ करून भांडी घासत राहा.

तुझीच,
आँटी त्रीना